शेंदराखालचं रिव्हॉल्व्हर

माझा नवरा भित्रा आहे. हे मी त्याच्या माघारी सांगत नाही, तोंडावरच सांगते, आणि तो मान डोलावतो. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की श्रीधर स्वयंपाकघरातून बाहेर पडतो. त्याला स्कूटर चालवायची भीती वाटते, म्हणून लग्न झाल्यापासून स्कूटर मी चालवते आणि तो मागे बसून "हेमा, बस. हेमा, बस आली" असं सांगत असतो. दिवाळीत आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीत सुतळी बॉम्ब सुरू झाले की हा कानात कापूस घालून पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत खुर्ची टाकून बसतो. आणि या माणसाला छंद कसला, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरांचा.

लोकांना हसू येतं. पहिली काही वर्षं मलाही आलं. मग एकदा त्यानं सांगितलं की लहानपणी कॅम्पातल्या थेटरात मोठ्या भावानं त्याला गुराख्यांचा आणि दरोडेखोरांचा कुठलासा इंग्रजी पिक्चर दाखवला होता. आवाजानं हा इतका घाबरला की इंटरव्हललाच घरी आणावा लागला. पण ती वस्तू डोळ्यांपुढून जाईना. बाकीची मुलं तोंडानं ठो ठो करत खेळायची. हा पाटीवर तिचा चाप काढायचा, नळी काढायचा आणि पुसायचा. पुढे तो इंजिनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला, जन्मभर यंत्रांची चित्रं काढली आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा त्याच चित्राकडे गेला. फरक एवढाच, की आता त्याला ती वस्तू हातात धरता येत होती. अट एकच, ती मेलेली पाहिजे.

त्याच्याकडे तीन रिव्हॉल्व्हर आहेत, तिन्ही मेलेली. एकाच्या नळीत शिसं ओतलेलं आहे, दुसऱ्याला चापच नाही, तिसरं गंजून एकसंध लोखंड झालंय. त्यातून गोळी सुटू शकत नाही असे सरकारी कागद कपाटात वेगळ्या फाइलमध्ये आहेत आणि ती फाइल तो दर महिन्याला उघडून कागद जागेवर असल्याची खात्री करून घेतो. बंद पडलेलं यंत्र त्याला आवडतं. ते अंगावर येत नाही.

हळूहळू पुण्यातल्या जुन्या घराण्यांत त्याचं नाव झालं. कुणाच्या आजोबांनी साहेबाकडून मिळवलेलं हत्यार माळ्यावर सापडलं की श्रीधर बेहेऱ्यांना बोलावणं येतं. हा सुती हातमोजे घालतो, डोळ्याला भिंग लावतो. नळीवरचा, सांगाड्यावरचा आणि चापाच्या कडीवरचा आकडा एकच आहे ना ते बघतो, स्क्रूच्या खाचा बघतो, आणि हाताच्या घामानं मुठीचं लाकूड जिथं झिजायला हवं तिथंच झिजलंय की कुणी कानशीनं झिजवलंय तेही ओळखतो. यात त्याला कुणी फसवू शकत नाही. पण निकाल द्यायची वेळ आली की त्याचा आवाज बसतो. घराण्याची शान म्हणून पुढ्यात ठेवलेलं रिव्हॉल्व्हर बाजारातलं शोपीस निघालं, तरी "हे खोटं आहे" असं म्हणणं त्याला जमत नाही. "जरा नंतरच्या काळातलं वाटतं," असं तो म्हणतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता चहा पितो. मी शेजारी बसून चडफडते. त्याला बंदुकीपेक्षा माणसांची भीती जास्त वाटते, हे मला फार वर्षांपूर्वी कळलं होतं. त्याचा परिणाम काय होऊ शकतो, ते मात्र यंदाच्या खंडेनवमीला कळलं.

त्याच्या आदल्या वर्षी, नवरात्राच्या सुरुवातीला, बिबवेवाडीच्या सर्जेरावांचा फोन आला. सर्जेराव मूळचे शेतकरी. गावाची पेठ झाली, रानात इमारती उभ्या राहिल्या, पण जुन्या घराच्या जागी बांधलेल्या बंगल्यात देवघर मात्र पहिल्याएवढंच ऐसपैस ठेवलेलं. त्यांच्या खापरपणजोबांनी लष्करातल्या एका गोऱ्या साहेबाचे घोडे सांभाळले होते. विलायतेला परत जाताना साहेबानं त्यांना आपलं रिव्हॉल्व्हर दिलं, असं घरात सांगतात. तेव्हापासून ते देवघरात आहे आणि दर खंडेनवमीला तलवार, कोयता, पहार यांच्याबरोबर त्याची पूजा होते.

आम्ही गेलो तेव्हा सर्जेरावांची आई तुळजाबाई पाटावर बसून होत्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज चाळिशीतला. त्यांनी लाल कापड उलगडलं आणि श्रीधरच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं. ते कोल्टचं ठासणीचं रिव्हॉल्व्हर होतं, ज्याला 'नेव्ही' म्हणतात ते. पण दिसत होती फक्त नळी आणि मूठ. मधला सगळा भाग शेंदरानं लिंपलेला. वर्षानुवर्षं तेलात कालवलेला शेंदूर एकावर एक चढून मारुतीच्या अंगावर असतं तसं जाड कवच झालं होतं.

ठासणीचं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यात आयती काडतुसं घालत नाहीत. मधे एक चक्र असतं, त्याला सहा घरं. प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासून भरायची, आणि त्याच घराच्या मागच्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. अंगठ्यानं मागचा घोडा ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं. चाप दाबला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी पडते आणि गोळी सुटते. एवढंच. शाळेत मुलींना विज्ञान शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, पण हे मला शिकवलं ते श्रीधरनं, आणि माझी इच्छा नसताना.

"घोडा हालत न्हाय," सर्जेराव म्हणाले. "माझ्या आज्याच्या येळंपासून गच्च बसलाय. फकस्त तुमी सांगा, याच्यापासून घराला काय धोका हाय का? पोराचं लगीन ठरवतोय. घरात नवी माणसं येनार."

श्रीधरनं घोडा ओढून बघितला. हलला नाही. मग त्यानं अगरबत्तीची एक नवी काडी घेतली, मसाला खरवडून टाकला आणि ती हलकेच नळीत सोडली. घोड्यासमोरच्या घरात गोळी असेल तर काडी मधेच अडते. ती अडली नाही, पार मागपर्यंत गेली. श्रीधरच्या कपाळावरचा घाम मी तेव्हा पाहिला, आणि तो वाळलेलाही पाहिला.

"बाकीची घरंही बघायला हवीत," तो म्हणाला. "त्यासाठी तेवढा शेंदूर जरा..."

"शेंदूर काय?" तुळजाबाईंनी विचारलं.

"खरवडावा लागेल थोडासा."

"देवाच्या अंगावरचा शेंदूर खरवडत्यात व्हय कुठं? लोखंडाचा देव हाय त्यो आमचा. तुमच्या घरी देवाचं कातडं सोलत्यात का?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. त्याआधीच श्रीधर म्हणाला, "नको, नको, राहू दे. रिकामंच आहे. घोडाही गच्च आहे. काही काळजी करू नका." आणि चहा पिऊ लागला.

त्या वेळी सर्जेरावांचा मुलगा सूरज तिथंच होता. चांगला उंचापुरा मुलगा, खराडीला आयटीत. त्यानंच आम्हाला घराची रीत सांगितली. घरात नवी सून आली की त्या वर्षीच्या खंडेनवमीला नवरा दोन्ही हातांनी कोहळा छातीशी धरून पाटावर बसतो. सून समोर उभी राहून रिव्हॉल्व्हरचा नेम कोहळ्यावर धरते, घरातली सगळ्यांत वडील बाई "बळी घे" म्हणते, आणि मग तो कोहळा कोयत्यानं कापतात. तुळजाबाईंनीही तसा नेम धरला होता, त्यांच्या सुनेनंही. "फुल सिनेमॅटिक आहे काका, पुढच्या वर्षी माझा टर्न," सूरज म्हणाला. आम्ही सगळे हसलो. येताना तुळजाबाईंनी माझी ओटी भरली.

यंदा खंडेनवमीला सकाळी आमच्याकडे काही खास नव्हतं. श्रीधरनं कपाटातली पट्टी, कंपास आणि माझी शिवणाची कात्री पाटावर मांडली होती. मी वाटण काढत होते. त्याच्या फोनवर सूरजचा व्हिडिओ आला, आणि श्रीधर तो मला दाखवायला आत घेऊन आला. चेहरा खुललेला.

"बघ, बघ, हेमा, ते नेव्ही!"

व्हिडिओत रिव्हॉल्व्हर सूरजच्या हातात होतं. "काका, सरप्राइज! दोन आठवडे स्प्रे मारतोय रोज. घोडा सुटला! आज घरातली नवी सून, संस्कृती, नुसता नेम नाही धरणार, खट्कन वाजवणार. आता पूर्ण नाही ओढत, पहिला मान तिचा. साडेअकराला पूजा, तुम्ही दोघं याच." असं म्हणत त्यानं घोडा अंगठ्यानं अर्धा मागे ओढला. चक्र थोडं फिरलं, शेंदराला तडा गेला आणि पुढच्या बाजूचा एक पोपडा गळून पडला. सूरजनं घोडा परत सोडून दिला. व्हिडिओ संपला.

श्रीधरनं तो पुन्हा लावला. मग पुन्हा. पोपडा पडतो तिथं थांबवून दोन बोटांनी मोठा केला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. शेंदराच्या भोकातून काहीतरी करडं, गुळगुळीत, गोलसर दिसत होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी नवऱ्याला हजारदा घाबरलेलं पाहिलंय, पण तेव्हा पाहिलं ते त्यातलं नव्हतं.

"शिसं आहे," तो म्हणाला. "गोळी आहे ती."

"तू काडी घालून बघितलं होतंस ना?"

"एकाच घरात. घोड्यासमोरच्या." तो खाली बसला, थेट फरशीवर. "हेमा, त्या काळचे लोक पाचच घरं भरायचे. घोडेस्वारी करताना धक्का लागून गोळी सुटू नये म्हणून घोड्यासमोरचं घर मुद्दाम रिकामं ठेवायचे. मी रिकामं म्हणून बघितलं ते तेच. ते रिकामं असतंच!"

ही गोष्ट त्यानं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली आहे. माझ्या भाच्याला, गॅसवाल्याला, एकदा तर जनगणनेच्या बाईंना. नेमकी त्या देवघरात, त्या म्हातारीसमोर, ती त्याला आठवली नाही.

मला कळायला क्षणभर लागला. घोडा ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं. रिकामं घर बाजूला होणार आणि भरलेलं समोर येणार. आणि समोर कोहळा. कोहळ्यामागे सूरजची छाती.

"फोन लाव!" मी ओरडले.

सूरजचा फोन वाजत राहिला. सर्जेरावांचाही वाजत राहिला. घड्याळात अकरा वाजून गेले होते. मी गॅस बंद केला, किल्ली घेतली. जिन्यात मी म्हटलं, "आता पोलिसांना लाव."

"सणाच्या दिवशी त्यांच्या दारात पोलीस?"

"श्रीधर!"

त्यानं लावला. टिळक रस्त्यावर मी स्कूटर दामटत होते आणि मागे हा पोलिसांशी बोलत होता. "नमस्कार, मी बेहेरे बोलतोय. आपल्याला जरा त्रास देतोय... नाही, भांडण नाही. एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे, देवघरात... हो, पूजेतलं... तातडीचं तसं, म्हणजे हो, तातडीचंच." मला वाटलं स्कूटर थांबवावी आणि फोन हिसकावून घ्यावा. पण थांबायला वेळ नव्हता. शेवटी त्याला पत्ता नीट सांगता आला. पलीकडच्या माणसाला काय समजलं, देव जाणे.

स्वारगेटपर्यंत ठीक होतं. मार्केट यार्डाच्या अलीकडे सगळं तुंबलं. दसऱ्याचा झेंडू आला होता. टेम्पो, हातगाड्या, फूटपाथवर फुलांचे ढीग, आणि माणसं भर रस्त्यात उभी राहून भाव करत होती. ज्या फुलांचं तोरण मी संध्याकाळी करणार होते त्यांचा मला त्या वेळी असा संताप आला की सांगता येत नाही. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. एका टेम्पोवाल्यानं मला शिवी दिली, मी त्याला परत दिली. श्रीधर एकदाही "बस आली" म्हणाला नाही. त्याचा एक हात माझ्या खांद्यावर होता आणि दुसऱ्या हातानं तो पुन्हा पुन्हा सूरजला फोन लावत होता.

"उचलला का?" मी दर सिग्नलला विचारत होते.

"नाही," तो म्हणत होता. "नाही. नाही उचलत."

का उचलत नव्हते, ते आत शिरल्यावर कळलं. देवघराच्या चौरंगावर तलवार होती, कोयता होता, सूरजचा लॅपटॉप होता, आणि सगळ्या घराचे मोबाइल ओळीनं मांडून त्यांना हळदीकुंकू वाहिलं होतं. खंडेनवमीला पूजेत ठेवलेल्या हत्याराला पूजा उठेपर्यंत हात लावत नाहीत. श्रीधरचं नाव एका फोनवर अजून उजळत होतं, त्यावर झेंडूची पाकळी होती.

आणि चौरंगासमोर, दोन-तीन हातांवर, सूरज पाटावर मांडी घालून बसला होता. छातीशी भलामोठा कोहळा. त्याच्यासमोर नऊवारीतली संस्कृती, कर्वेनगरची मुलगी, लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते. दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर, जड असल्यानं मनगटं वाकलेली. घोडा पूर्ण मागे ओढलेला. लग्नाचं शूटिंग केलेला सूरजचा मित्र पियुष कॅमेरा घेऊन गुडघ्यांवर बसला होता. सगळे गप्प होते, कारण तुळजाबाई "बळी घे" म्हणणार होत्या.

श्रीधरनं ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून आवाजच निघाला नाही. मी ते पाहिलं. नुसती हवा आली. मीही ओरडणार होते, पण ओरडलं तर ती दचकेल, दचकली तर बोट दाबलं जाईल, हे त्याच क्षणी डोक्यात आलं. मग श्रीधर चालायला लागला. पायात चपला, तशाच पूजेच्या जाजमावरून, घाई न करता, बाजूनं. त्यानं हात पुढे केला आणि डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस घोडा आणि चक्र यांच्या फटीत घातलं.

संस्कृती किंचाळली. घोडा पडला.

आवाज आला तो मऊ, ओला. श्रीधरच्या हातातून रक्त आलं आणि शेंदरावरून ओघळलं. तो ओरडला नाही. त्यानं उजव्या हातानं नळी सूरजवरून बाजूला वळवली, कोपऱ्यातल्या गव्हाच्या पोत्यांकडे, आणि तशीच धरून ठेवली.

"बेहेरेसाहेब!" सर्जेराव उठलेच. "येड लागलं काय तुमाला? चपला घालून देवघरात? पोरीच्या अंगावर धावून येताय?"

"बाहेर जा," श्रीधर म्हणाला. ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

"सगळे बाहेर व्हा!" मी म्हटलं. चौतीस वर्षं शाळेत वापरलेला आवाज सापडला एकदाचा. "ते भरलेलं आहे! गोळ्या आहेत आत! आधी बाहेर व्हा, मग काय ते बोला!"

सर्जेरावांनी आईला अक्षरशः उचललं. सूरज कोहळा घेऊनच बाहेर गेला, खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. संस्कृतीची बोटं मुठीवर आवळून बसली होती. श्रीधरनं तिच्याशी हळू बोलत ती एकेक सोडवली. "शाब्बास. आता जा. मागे बघू नकोस." मग तो मला म्हणाला, "तूही जा."

"मूर्खासारखं बोलू नकोस," मी म्हटलं, आणि त्याच्याशेजारी बसले.

त्याच्या सांगण्यावरून मी दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागे ओढून धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वस्तूला हात लावत होते. तिचं स्प्रिंग माझ्या अंगठ्यांना मागे रेटत होतं आणि माझ्या मनात एकच होतं, घाम आहे हाताला, सुटेल, आता सुटेल. श्रीधरनं हात काढून घेतला, चौरंगावरचा खण घेतला, त्याची जाड घडी केली आणि फटीत दाबून बसवली. "सोड, सावकाश." मी सोडला. घोडा खणावर टेकला.

त्यानं अगरबत्तीची काडी नळीत सोडली. ती मधेच अडली. टोक वर कितीतरी राहिलं.

हे सर्जेराव दारातून बघत होते. वर्षापूर्वी तशीच काडी आत नाहीशी झालेली त्यांनी पाहिली होती, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी चौकट घट्ट धरली. "किती हायेत?" त्यांनी विचारलं.

"बघतो," श्रीधर म्हणाला. आता कुणी अडवलं नाही. त्यानं खिशातलं भिंग लावलं आणि चक्राच्या मागच्या बाजूचा शेंदूर नखानं काढू लागला. रक्त पुसायचं त्याला भान नव्हतं. एक टोपी दिसली, काळपट तांब्याची. मग तिच्या पलीकडे दुसरी. मग तिसरी. मी मोजत होते. पाच झाल्या.

त्यातल्या एका टोपीपाशी तो थांबला. रिकाम्या घराच्या लगतची होती ती. त्या टोपीवरचा शेंदूर आधीच उडालेला होता, आणि ती चेपलेली होती. मधोमध घोड्याच्या तोंडाएवढा खळगा, आणि त्या खळग्यात तांबं लखलखीत, नवं. श्रीधर बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं.

"संस्कृती," त्यानं हाक मारली. आवाज स्वच्छ होता, मला त्याची सवय नव्हती. "बेटा, तू चाप किती वेळा दाबलास?"

ती ओसरीतून दारापाशी आली. सूरज तिच्या मागे होता. अजून कोहळा त्याच्या हातात होता.

"दोनदा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही आलात तेव्हा दुसऱ्यांदा. त्याच्या आधी एकदा वाजवलं होतं. नुसतं खट्क झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण व्हिडिओत सूरजचे डोळे मिटलेले आले, म्हणून पियुष म्हणाला, परत घेऊ."

पोलीस आले ते यानंतर बऱ्याच वेळानं. आधी त्यांना वाटलं आम्ही नवरा-बायकोच काहीतरी गोंधळ घालतोय. मग त्यांच्यातल्या वयस्क हवालदारानं काडी घालून बघितली आणि सगळ्यांना पुन्हा अंगणात उभं केलं. त्यांचा जाणकार माणूस आला. तो म्हणाला, तेला-शेंदरानं आत पाणी जाऊ दिलं नसणार, दारू खडखडीत कोरडी असू शकते. एक टोपी सर्दावली म्हणून बाकीच्याही सर्दावल्या असतील असं धरून चालता येत नाही. ते रिव्हॉल्व्हर पेटीत घालून घेऊन गेले. तुळजाबाईंनी गाडीला हात जोडले. मग श्रीधरकडे वळून म्हणाल्या, "मी म्हातारी अडाणी. तुमी शिकलेले. तुमी मला वरडायचं हुतं."

सर्जेराव आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. दवाखान्यात नेऊन त्याच्या हाताला टाके घालून आणायला त्यांनी माणूस पाठवला होता, जेवल्याशिवाय जाऊ देत नव्हते. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी श्रीधरचा चांगला हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, देवासारखं धावून आला तुमी. अगदी येळंवर आला."

श्रीधरनं काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं आणि स्कूटरवर बसला. मी सावकाश चालवत होते. मार्केट यार्डापाशी फुलांची गर्दी तशीच होती आणि मला आता तिचा राग येत नव्हता. मी विचारलं, "दुखतंय का फार?"

"मी वेळेवर पोचलो नाही, हेमा," तो म्हणाला.

मी स्कूटर कडेला घेतली. त्याचं बरोबर होतं. संस्कृतीनं पहिल्यांदा चाप दाबला तेव्हा आम्ही अजून वाटेतच होतो. तो माझ्या पाठीवर डोकं टेकून रडत होता आणि बाजूच्या हातगाडीवाल्या बाई विचारत होत्या, झेंडू देऊ का म्हणून.